परवाना माणसाला असतो, गाडीला नव्हे

खुलताबाद, कन्नड, वैजापूर या पट्ट्यात पेट्रोल पंप, जिनिंग किंवा सराफी असलेल्या माणसाच्या नावावर हत्यार असणं नवलाचं नाही. माझ्या वडिलांकडे बारा बोअरची बंदूक होती. माझ्याकडे .३२ चं रिव्हॉल्व्हर आलं ते पंपाची रोकड दौलताबादचा घाट उतरून शहरातल्या बँकेत न्यावी लागे म्हणून. परवाना हातात आला तेव्हा जुन्या परवानाधारकांनी चहा पाजून खूप काही शिकवलं. पुढे मूळ कायदा आणि नियम वाचून पाहिले, तर त्या शिकवणीतलं निम्मं चुकीचं निघालं. आता गावातली तरुण मुलं माझ्याकडे विचारायला येतात, ‘काका, गाडीत ठेवलं तर चालतं ना?’ त्यांना दर वेळी तोंडी सांगतो तेच इथे लिहितो आहे. चुकीच्या समजुतीपायी एखादा चांगला मुलगा कोर्टाच्या पायऱ्या चढतो तेव्हा जीव तुटतो.

१. गाडी म्हणजे घर नव्हे.

हा सगळ्यात मोठा गैरसमज, आणि तो बाहेरून आला आहे. माझा भाचा टेक्सासमध्ये असतो. घृष्णेश्वराच्या अभिषेकासाठी सगळे आले होते, तेव्हा तो म्हणाला, ‘मामा, आमच्याकडे गाडीत पिस्तूल ठेवायला परवानाच लागत नाही.’ त्याचं त्याच्या जागी खरं आहे. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांच्या पुढच्या आणि कायद्याने अपात्र न ठरलेल्या माणसाला परवान्याविना हँडगन जवळ बाळगता येते. पण त्याच देशात न्यू जर्सीत, जिथे आपली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात, तिथे परवान्याविना भरलेलं पिस्तूल गाडीत सापडलं तर तुरुंगाची वेळ येते. एका देशातच राज्या-राज्यांत इतका फरक असताना तिथलं ऐकून इथे वागणं धोक्याचं आहे.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे, तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याचं कलम ३ म्हणतं, परवान्याशिवाय अग्निशस्त्र किंवा काडतूस बाळगता येणार नाही. घरातलं, शेतातलं, गाडीतलं असा भेद ते करत नाही. माझ्या परवान्यावर माझा फोटो आहे, हत्याराचा नंबर आहे, राष्ट्रीय नोंदणीतला युआयएन क्रमांक आहे. गाडीचा नंबर कुठेच नाही. म्हणून मी गाडीतून उतरलो की हत्यारानेही माझ्याबरोबर उतरलं पाहिजे. पुढचे बहुतेक मुद्दे या एका गोष्टीतूनच निघतात.

२. डॅशबोर्डचा कप्पा ही हत्याराची जागा नाही.

‘झाकून ठेवलं की झालं’ असं सांगणारे खूप भेटतात. २०१६ च्या शस्त्र नियमांत सार्वजनिक ठिकाणी हँडगन कशी न्यायची हे स्पष्ट लिहिलं आहे: अंगावर बांधलेल्या होल्स्टरमध्ये, नाहीतर तशाच पिशवीत. ती पूर्ण झाकलेली हवी आणि बाळगणाऱ्याचा तिच्यावर प्रत्यक्ष ताबा हवा. झाकणं ही निम्मी अट झाली. टपरीवर चहा प्यायला उतरलो आणि रिव्हॉल्व्हर कप्प्यात राहिलं, तर ताबा कोणाचा? काच फोडणाऱ्याचा.

व्यवहारातली अडचणही सांगतो. सीटबेल्ट लावला की कमरेच्या उजव्या बाजूचं होल्स्टर खाली दाबलं जातं आणि टोचायला लागतं. मग माणूस ते काढून शेजारच्या सीटवर किंवा दरवाजाच्या खणात ठेवतो, आणि तिथूनच घोळ सुरू होतात. मी पोटावर बांधायची जाड कापडी पिशवी वापरतो. बेल्ट तिच्या खालून जातो, शर्ट वरून येतो, आणि घरून निघाल्यापासून घरी परत येईपर्यंत तिची चेन उघडत नाही.

गाडीत गोळ्या भरायच्या नाहीत, काढायच्या नाहीत, कुणाला दाखवायला हत्यार बाहेर घ्यायचं नाही. हत्यार हाताळताना अपघात होतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत जुहूच्या घरी अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी शिरली. बाहेर निघण्याआधी रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. तिथे जमीन सपाट होती, माणूस उभा होता. आमच्या घाटात वळणं आहेत, खड्डे आहेत, आणि मागच्या सीटवर बहुधा पोरं बसलेली असतात.

रिकामं हत्यार म्हणजे हत्यारच नव्हे, हाही एक लोकप्रिय समज. कायद्याच्या नजरेत रिकामं रिव्हॉल्व्हरही अग्निशस्त्रच असतं. गोळ्या काढून डिकीत वेगळ्या ठेवल्याने परवान्याची गरज संपत नाही.

३. गाडीत कोण बसतंय ते आधी पाहावं.

शस्त्र अधिनियमाचं कलम ३५ फार कमी लोकांना माहीत आहे, आणि ते थेट वाहनाबद्दल बोलतं. गाडी अनेकांच्या ताब्यात असेल आणि तिच्यात गुन्ह्यातलं हत्यार सापडलं, तर ज्याला त्याची जाणीव होती असं मानायला कारण आहे असा प्रत्येक जण, त्याने एकट्याने गुन्हा केल्यासारखाच जबाबदार धरला जातो. उलट सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

मागच्या सीटवरच्या मित्राच्या बॅगेत गावठी कट्टा आहे आणि ते तुम्हाला कळलेलं आहे, तर ‘तो त्याचा आहे’ हे उत्तर पुरत नाही. बिनपरवाना अग्निशस्त्राला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षं आणि ५ वर्षांपर्यंत कैद आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट प्रकरणात संजय दत्त यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सांगितलं होतं की ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. ज्याला खरंच काही माहीत नव्हतं त्याला हा आधार आहे. पण तो कोर्टात मिळतो, नाकाबंदीवर नाही. दोहोंच्या मध्ये अटक, जामीन, वकिलाची फी आणि आईचं रडणं असतं. म्हणून लग्नाच्या वऱ्हाडाला गाडी देताना, कुणा कार्यकर्त्याला ‘जरा शहरापर्यंत सोडा’ म्हणून बसवताना मी स्पष्ट विचारतो. लोकांना राग येतो. येऊ दे.

४. ड्रायव्हर म्हणजे तिजोरी नव्हे.

वेरूळला पाहुण्यांना घेऊन गेलं की प्रश्न येतोच. लेण्यांच्या प्रवेशाजवळ सुरक्षारक्षक, घृष्णेश्वराच्या दारात तपासणी, आणि कमरेला हत्यार. मग सोपा मार्ग म्हणून ते ड्रायव्हरच्या हाती द्यायचं आणि कैलास लेणं बघायला आत जायचं. असं करणारे मी पाहिले आहेत.

दुसऱ्याने आपलं हत्यार हाताळायला कायद्यात सवलत आहे, पण ती अगदी अरुंद आहे. परवानाधारक समोर असताना, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेला असताना, दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठी दुसरा माणूस ते नेऊ शकतो. ‘मी दर्शन घेऊन येतो, तोवर सांभाळ’ हे यात कुठेच बसत नाही. ड्रायव्हर गरीब असतो, मालकाला नाही म्हणू शकत नाही, आणि पकडला गेला तर पहिला आत तोच जातो. हे मला अन्यायाचं वाटतं.

८ फेब्रुवारी २०२४ ला दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. मारणाऱ्याने वापरलेलं पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचं होतं, आणि परवाना उत्तर प्रदेशातला होता. त्या अंगरक्षकालाही शस्त्र अधिनियमाखाली अटक झाली. हत्यार ज्याच्या नावावर आहे त्याने ते दुसऱ्याच्या हाताला लागेल असं ठेवलं, की पुढे काय होईल ते त्याच्या हातात उरत नाही.

वेरूळला जायचं तर हत्यार घरच्या तिजोरीत. देवदर्शनाला त्याची गरज नसते.

५. परवान्यावरची हद्द वाचावी.

परवान्यावर क्षेत्राचा रकाना असतो. कुणाचा परवाना जिल्ह्यापुरता असतो, कुणाचा महाराष्ट्रापुरता, काहींचा त्याहून मोठा. बहुतेकांना तो रकाना आहे हेही आठवत नाही.

आमच्या गावाचं बुऱ्हाणपूरशी जुनं नातं आहे. ते शहर ज्यांच्या नावाने वसलं त्या सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा खुलताबादेत आहे. दोन्हीकडे नातेवाईक आहेत, कापसाचा व्यवहार आहे, गाड्या सारख्या जातात-येतात. पण बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे. महाराष्ट्रापुरता परवाना असलेल्या माणसाने तिकडे जाताना कमरेला हत्यार ठेवलं, तर राज्याची सीमा ओलांडल्यावर त्याचा परवाना त्याला वाचवत नाही. त्यात तो सगळा पट्टा गावठी कट्ट्यांसाठी बदनाम आहे. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यापलीकडे मध्य प्रदेशच्या हद्दीतल्या उमर्टीचं नाव पोलिसांच्या कारवायांत नेहमी येतं, त्यामुळे तिथल्या रस्त्यांवर गाड्या कसून तपासल्या जातात. तिथे ‘माझ्याकडे संभाजीनगरचा परवाना आहे’ हे वाक्य ऐकून कोणी गाडी सोडत नाही.

६. जंगलाच्या फाटकाचा कायदा वेगळा आहे.

हा मुद्दा शिकलेल्या, जबाबदार परवानाधारकांनाही माहीत नसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खुलताबादहून कन्नडला, तिथून पुढे गौताळा औट्रम घाट अभयारण्यात सहलीला जाणारे खूप आहेत. सुमारे २६० चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं. पावसाळ्यात धबधबे, पितळखोऱ्याची लेणी, चाळीसगावच्या बाजूला पाटणादेवी. बिबट्याची भीती वाटते म्हणून हत्यार बरोबर घेणारे महाभाग आहेत, आणि आपल्याकडे परवाना आहे म्हणून ते निर्धास्त असतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचं कलम ३१ म्हणतं, मुख्य वन्यजीव रक्षक किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या आगाऊ लेखी परवानगीशिवाय कोणतंही शस्त्र घेऊन अभयारण्यात प्रवेश करता येणार नाही. तुमचा शस्त्रपरवाना ही ती परवानगी नव्हे. गोळी झाडायची गरजही नाही, शस्त्रासह आत जाणंच मना आहे. गाडीच्या काचा बंद होत्या, हत्यार पिशवीत होतं, कुणाला दिसलंही नाही, यातलं काहीच उपयोगी पडत नाही. वनरक्षकाला शिकारीचा संशय आला तर गाडीही जप्तीत जाऊ शकते.

त्याच कायद्याचं कलम ३४ तर अभयारण्यात न जाणाऱ्यांनाही लागू आहे. अभयारण्यात किंवा त्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकाने आपलं नाव वन विभागाकडे नोंदवायचं असतं. कन्नड तालुक्यातल्या अनेक गावांत रानडुकरांपासून पीक राखायला घेतलेल्या ठासणीच्या बंदुका आहेत. त्या शेतकऱ्यांना ही नोंदणी कुणी समजावून सांगितलेली नसते. मी भेटेल त्याला सांगतो. ग्रामसेवकांनी आणि वन विभागानेही गावात येऊन सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

७. गर्दीच्या दिवशी घरीच ठेवावं.

श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला भद्रा मारुतीच्या दर्शनाला संभाजीनगरहून रात्रभर चालत माणसं येतात. दौलताबाद ते खुलताबाद रस्ता डोक्यांनी भरून जातो. उरुसातही तेच. अशा दिवशी गाडी मुंगीच्या पावलांनी चालते, लांब कुठेतरी लावावी लागते, आणि धक्काबुक्कीत अंगावरच्या हत्यारावर ताबा राहत नाही.

शिवाय सणासुदीला, मिरवणुकांना महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. त्यात शस्त्र बाळगण्यावर बंदी असते. परवाना आहे म्हणून आपोआप सूट मिळते असं समजू नये. आदेशात सूट कोणाला आहे ते वाचावं. आमच्याकडे तर ग्रामीण पोलिसांची हद्द संपून घाटाखाली आयुक्तालयाची हद्द लागते, आणि दोन्हीकडचे आदेश वेगवेगळ्या तारखांचे असू शकतात. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून वातावरण तापलं तेव्हा गावात बंदोबस्त वाढला, कबर पाहायला येणाऱ्यांची नोंद होऊ लागली. त्या दिवसांत माझं रिव्हॉल्व्हर तिजोरीतून बाहेर निघालं नाही. शांत गावात हत्यार घेऊन फिरणारा माणूस एक वेळ चालतो, तणावाच्या गावात नाही.

निवडणुकीत हत्यार जमा करण्याची नोटीस येते. काही जण चिडतात, काही जण ती दुर्लक्षित करून गाडीत घेऊन हिंडतात. दोन्ही नको. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००९ मध्ये सांगितलं आहे की सरसकट सगळ्यांकडून हत्यारं जमा करून घेता येणार नाहीत, छाननी समितीने प्रत्येक प्रकरण पाहायचं. तुम्हाला खरोखर गरज असेल तर समितीपुढे लेखी मांडा. आदेश कायम राहिला तर जमा करा, आणि पोचपावतीवर हत्याराचा नंबर नि काडतुसांची संख्या लिहून घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका.

८. नाकाबंदीवर आधी तोंड, मग हात.

पोलिसाला परवाना मागण्याचा अधिकार कलम १९ ने दिला आहे. त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. गाडी थांबवली की आतला दिवा लावतो, काच खाली घेतो, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवतो आणि म्हणतो, ‘साहेब, माझ्याकडे परवान्याचं हत्यार आहे, पोटाच्या पिशवीत. परवाना वरच्या खिशात आहे. काढू का?’ हवालदार ‘काढा’ म्हणाल्यावरच हात हलतो, आणि तोही परवान्याकडे, हत्याराकडे नाही. रात्रीच्या वेळी समोरच्या माणसालाही भीती वाटत असते, हे लक्षात ठेवावं. मूळ परवाना जवळ ठेवतो. मोबाइलमधल्या फोटोवर भागवायला जात नाही.

९. काडतूसही मोजून ठेवावं.

एक सुटं काडतूस सीटच्या फटीत राहिलं आणि गाडी विकली, तर नव्या मालकाच्या गाडीत बिनपरवाना दारूगोळा आहे. सर्व्हिसिंगला किंवा विक्रीला गाडी देण्याआधी सीटखाली, कप्प्यात, डिकीतल्या चटईखाली मी स्वतः हात घालून पाहतो. विमानतळावर बॅगेत विसरलेलं एकच काडतूस निघाल्याने गुन्हा दाखल झालेली प्रकरणं उच्च न्यायालयांपर्यंत गेली आहेत.

१०. दाखवलं की गेलं.

गाडीला कट मारला म्हणून हत्यार बाहेर काढणं, शेताच्या बांधावरून रोखणं, वरातीत गाडीच्या टपावरून हवेत झाडणं, हे सगळं एकाच रोगाचं लक्षण आहे. मुळशी तालुक्यात जमिनीच्या वादात शेतकऱ्यांसमोर पिस्तूल नाचवल्याची चित्रफीत जुलै २०२४ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. अटक झाली, परवाना रद्द का करू नये अशी नोटीस निघाली. शेजारच्या बीड जिल्ह्यात एक हजाराहून जास्त परवाने होते. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, हवेत गोळ्या झाडतानाच्या चित्रफिती फिरल्या, परवान्यांची फेरतपासणी झाली आणि शंभराहून जास्त रद्द झाले. आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. परवान्याची कुठलीही अट मोडली तरी कलम ३० खाली ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि परवाना जातो तो वेगळाच.

मराठवाड्यात कमरेला हत्यार म्हणजे वजन, अशी एक हवा तयार झाली आहे. तिच्यामुळे ज्यांना खरी गरज आहे त्यांच्याकडेही लोक संशयाने पाहतात. याचं मला वाईट वाटतं.

११. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण तो गाडीच्या काचेपाशी सुरू होत नाही.

‘कुणी गाडी अडवली तर झाडता येते’ हा समज जिवावर बेतणारा आहे. आता भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, स्वसंरक्षणाची कलमं ३४ ते ४४ आहेत. जीव घेण्यापर्यंतचा हक्क मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण अशा ठरावीक हल्ल्यांच्या वेळीच मिळतो. मालमत्तेसाठी तो जबरी चोरीसारख्या मोजक्याच प्रसंगी आहे. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला अवधी असेल तर हा हक्कच उरत नाही. गाडीत बसलेल्या माणसाकडे बहुतेक वेळा तो अवधी असतो, कारण त्याच्या पायाखाली ॲक्सिलरेटर असतो.

घाटात एका रात्री दोन मोटारसायकली माझ्या गाडीपुढे आडव्या चालू लागल्या. वेग कमी, मागे वळून पाहणं, हाताने थांबायची खूण. रोकड होती, हत्यारही होतं. मी काचा वर घेतल्या, दरवाजे बंद असल्याची खात्री केली, हॉर्न दाबून धरला, ११२ लावून फोन स्पीकरवर ठेवला आणि समोरून एक एसटी आली तशी तिच्या उजेडात बाजू काढून न थांबता थेट ठाण्याच्या आवारात गाडी घातली. ठाणे अंमलदारांनी पाणी दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘शेठ, हत्यार बाहेर काढलं होतं का?’ नाही म्हटल्यावर त्यांनी परवाना पाहिला, पिशवीची बंद चेन पाहिली, आणि मोटारसायकलींचे नंबर लिहून घ्यायला सुरुवात केली.